वाळवी ट्रीटमेंटचा व्यवसाय : आधी तपासणी विका, औषध नंतर



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सर्व्हिस व्यवसायांवर मी व्हिडिओ केला, त्यात वाळवी ट्रीटमेंटचा उल्लेख जेमतेम दोन मिनिटं होता. पण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. "मॅडम, पंप कुठला घेऊ?" "औषध कुठलं चांगलं?" "वन बीएचकेचे किती घ्यायचे?" सगळे प्रश्न रास्त आहेत. पण घरात वाळवी आहे की नाही हे ओळखायचं कसं, ती येते कुठून हे शोधायचं कसं, हे एकानेही विचारलं नाही. आणि खरं सांगू? या धंद्यात पैसे आणि नाव दोन्ही तिथेच मिळतं. म्हणून हा सविस्तर लेख.

आधी माझी चूक सांगते

डोंबिवलीत माझं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. बीबीए झाले आणि वडिलांच्या गल्ल्यावर बसले, ती बसलेच. काही वर्षांपूर्वी एक फवारणीवाला दुकानात यायचा. म्हणाला, "ताई, वाळवीचं गिऱ्हाईक आलं तर माझा नंबर द्या. कामामागे ५०० रुपये तुमचे." बसल्या जागी पैसे मिळतायत, तर नको कशाला म्हणायचं?

आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू राहतात, एकट्याच. त्यांच्या बेडरूमच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली म्हणून त्या दुकानात आल्या. मी नंबर दिला. तो आला, हातपंपाने चौकटीवर आणि स्कर्टिंगवर औषध मारलं, पाच वर्षांची गॅरंटी तोंडीच दिली आणि अर्ध्या तासात पैसे घेऊन गेला. चौकटीवरची माती गेली. काकू खूश, मी पण खूश.

पुढच्या पावसाळ्यात काकूंनी भिंतीतलं कपाट आवरायला काढलं. फळ्या बाहेरून धडधाकट, पण बोट दाबलं की आत जात होतं. वरच्या कप्प्यात काकांच्या डायऱ्या होत्या, नोकरीला लागल्यापासून लिहिलेल्या. पुठ्ठे शाबूत होते आणि आत माती भरलेली होती. फवारणीवाल्याचा फोन लागेना. काकू माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, तू सांगितलंस म्हणून मी त्याला घरात घेतलं."

त्यानंतर मी एका परवानाधारक, अनुभवी माणसाला घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी औषधाच्या डब्याला हात लावण्याआधी दीड तास नुसतं घर पाहिलं. कपाटाची मागची भिंत बाथरूमची निघाली. तिथे पाइपाची बारीक गळती होती आणि भिंत कायम ओली राहत होती. वाळवीचा मुख्य रस्ता तिथून होता. चौकटीवर दिसली ती फक्त एक फांदी. फवारणीने ती फांदी बंद झाली आणि बाकीचं काम कपाटाच्या मागे निवांत चालू राहिलं.

आज ते गृहस्थ माझे भागीदार आहेत. तांत्रिक बाजू त्यांची. गिऱ्हाईक, हिशोब, कागदपत्रं माझी. पुढचं जे सांगतेय ते त्यांच्याबरोबर घरं फिरून शिकलेलं आहे.

जुन्या घरांनाच जास्त त्रास का?

आपल्याकडे सर्वात जास्त नुकसान करते ती जमिनीतली वाळवी. तिची वसाहत मातीत असते, राणी तिथेच असते. घरात दिसते ती कामकरी वाळवी. अन्न न्यायला आलेली. तिला दोन गोष्टी लागतात : लाकूड, कागद, पुठ्ठा असं काहीतरी खायला, आणि ओलावा. तिचं अंग नाजूक असतं, उघड्यावर ती सुकून मरते. म्हणून ती मातीचा बोगदा बांधत त्याच्या आतून चालते. चौकटीवर दिसणारी ती मातीची रेघ म्हणजे हाच बोगदा.

आता डोंबिवली, ठाणे, मुलुंडमधल्या जुन्या ग्राउंड प्लस थ्री इमारती किंवा अंबरनाथ, बदलापूरचे जुने बंगले डोळ्यांसमोर आणा. पाया भरताना वाळवीविरोधी औषध घातलं असेल-नसेल, घातलं असेल तरी त्याचा असर कधीच संपलेला. त्या काळात ऑल्ड्रिन, हेप्टाक्लोर यांसारखी औषधं वापरायचे. ती मातीत खूप वर्षं टिकायची, पण विषारी म्हणून आता त्यांच्यावर बंदी आहे. शिवाय इमारतीभोवतीच्या कोब्याला भेगा, जुन्या पाइपांची गळती, भराव टाकून रस्ता उंच झाल्यामुळे जोत्याला टेकलेली माती. वाळवीला आणखी काय हवं?

एक गैरसमज इथेच काढून टाका. "आमचं तिसऱ्या मजल्यावर आहे, आमच्याकडे कशी येईल?" पाइपांच्या डक्टमधून, वायरिंगच्या पाइपातून ती वर चढते. "आमचं सागवान आहे" हेही पूर्ण खरं नाही. जुन्या सागाचा आतला गाभा वाळवी सहसा खात नाही, पण बाहेरचा फिकट भाग खाते. त्याच घरात नंतर बसवलेलं स्वस्त प्लायवूड तर तिला पंगतच.

तपासणी : बाहेरून आत, खालून वर

सामान फार लागत नाही. चांगला टॉर्च, लांब स्क्रू ड्रायव्हर, मापाची टेप, खडू, मोबाइलचा कॅमेरा. पुढे जमलं की ओल मोजायचं मीटर घ्या. घाई मात्र करायची नाही. तळमजल्याच्या घराला तासभर तरी द्या.

१. घराबाहेर फेरी मारा. जोत्यावर मातीच्या रेघा आहेत का? कोब्याला भेगा? भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्या, झाडाचा कुजका बुंधा, पुठ्ठ्याची खोकी? कुंड्यांचं पाणी भिंतीत मुरतंय का? पावसाळी पाइप कुठे सुटतो?

२. पाणी जिथे, तिथे आधी. बाथरूम, किचन सिंकच्या खाली, वॉशबेसिनच्या मागे. आणि त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते नक्की पाहा. काकूंच्या घरात चूक इथेच झाली होती.

३. चौकटी. सुरुवात तळापासून, जिथे चौकटीचा पाय लादीला टेकतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोका. भरीव लाकडाचा आणि पोकळ लाकडाचा आवाज वेगळा असतो, दहा घरं केलीत की कान तयार होतो. संशयाच्या जागी टोक हलकं दाबा.

४. झाकलेल्या जागा. भिंतीतली कपाटं, पोटमाळा, बेडच्या मागची बाजू, मीटरचा लाकडी बोर्ड, देव्हाऱ्याची मागची फळी, फोटो फ्रेमच्या मागचा पुठ्ठा, जुन्या फायली. देव्हाऱ्याला किंवा कपाटाला हात लावण्याआधी विचारा. दुसऱ्याचं घर आहे हे विसरू नका.

५. रेघ जिवंत आहे का ते पाहा. मातीचा बोगदा मध्येच बोटभर मोडा आणि खडूने तारीख लिहा. आत पांढुरके किडे दिसले तर प्रश्नच मिटला. नाही दिसले तर चार-पाच दिवसांनी या. मोडलेला भाग परत बांधला असेल तर वाळवी चालू आहे. तसाच असेल तर तो रस्ता बहुतेक सोडलेला आहे. पण त्यावरून घर मोकळं आहे असं ठरवू नका, इतर जागा पाहा.

सगळ्याचे फोटो काढा, घराचा साधा नकाशा कागदावर काढून त्यावर फुल्या मारा. हा कागद तुमचा रिपोर्ट.

वाळवी, भुंगा की नुसती ओल?

निम्मे फोन वाळवीचे नसतातच. इथे तुमचं ज्ञान दिसतं.

फर्निचरला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल, तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं काम. मातीचा मागमूस नसेल. त्यासाठी घरभर लादीला भोकं पाडणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात. उपचार त्या लाकडावरच करायचा.

लाकडाखाली बारीक, खसखशीसारखे पैलूदार दाणे पडत असतील, तर ती सुक्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीशी संबंध लागत नाही, म्हणून तिचाही इलाज त्या लाकडातच.

भिंतीचा रंग फुगलाय, पांढरी पूड सुटतेय, तर तो बहुतेक लोणा. तिथे प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला लागेल, तुम्ही नाही.

आणि जूनमधला सगळ्यांचा आवडता फोन : "दिव्याभोवती पंखवाले किडे आलेत!" पहिल्या पावसानंतर पंख असलेली वाळवी उडते, पण पंखवाल्या मुंग्याही उडतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर बारीक नसते, मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर चिमटलेली, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. दिव्याजवळ बाहेरून आलेले किडे फारसा पुरावा नाहीत. मात्र घरातल्याच भेगेतून किडे बाहेर पडताना दिसले, तर लगेच तपासणी करा.

ट्रीटमेंट : हिशोब लिटरमध्ये करा

बांधून झालेल्या इमारतींच्या वाळवी उपचारासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस ६३१३ भाग ३. ते विकत घेऊन, नाहीतर जाणकाराकडून, नीट समजून घ्या. ढोबळ पद्धत अशी : भिंत आणि लादी जिथे मिळतात तिथे सुमारे १२ मिमी व्यासाची भोकं, दर ३०० मिमीवर. प्रत्येक भोकात औषधाचं पाणी, जिरेपर्यंत, जास्तीत जास्त १ लिटर. मग भोकं बुजवायची. इमारतीच्या बाहेरून पायालगतच्या मातीतही औषध मुरवायचं. चौकटींना लाकूड आणि भिंत मिळते तिथे बारीक तिरकी भोकं पाडून आत औषध सोडायचं.

आता गणित करू. समजा तळमजल्याच्या एका घरात भिंतींची मिळून लांबी ५० मीटर भरली. दर ३० सेंटिमीटरला एक म्हणजे साधारण १६७ भोकं. भोकाला जास्तीत जास्त १ लिटर धरला तर १६७ लिटरपर्यंत मिश्रण लागू शकतं. जमीन कमी पीत असेल तर कमी लागेल, पण आकडा शेकड्याच्या आसपासचा आहे हे लक्षात घ्या. आणि काकूंकडे तो माणूस आला होता पाच लिटरचा पंप घेऊन! ही एक आकडेमोड गिऱ्हाइकासमोर करून दाखवा. तुमचं क्वोटेशन महाग का, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

औषधांमध्ये सध्या इमिडाक्लोप्रिड आणि बायफेन्थ्रिन ही नावं तुमच्या कानावर पडतील. इमिडाक्लोप्रिड वाळवीला जाणवत नाही. ती त्यातून चालत जाते, हळूहळू मरते आणि तोवर इतर वाळवीच्या संपर्कात येते. बायफेन्थ्रिनसारखी औषधं वाळवीला दूर ठेवतात, त्यामुळे मध्ये फट राहिली तर ती वळसा घालून आत येते. पण कुठलंही औषध घेतलंत तरी ते वाळवीसाठी नोंदणी झालेलं हवं आणि प्रमाण डब्याच्या लेबलवर असेल तेच. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससीचं वाळवीसाठीचं प्रमाण लिटरला २.१ मिली असतं. म्हणजे १६७ लिटरला साधारण ३५० मिली. "दोन झाकणं जास्त घाल" हा प्रकार नको. त्याने वाळवी दुप्पट मरत नाही, धोका मात्र वाढतो.

काम करताना हे पाळा :

- भोकं पाडण्याआधी पाण्याचे पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते विचारून खडूने खुणा करा. एक पाइप फुटला की त्या कामाचा नफा गेला.
- शक्यतो लादीच्या सांध्यात ड्रिल करा, नंतर लादीच्या रंगाचं व्हाइट सिमेंट भरा.
- भांडी, धान्य, पिण्याचं पाणी झाकून बाजूला. लहान मुलं, गरोदर बाई, आजारी माणूस, कुत्रा-मांजर औषध सुकेपर्यंत घराबाहेर. माशांची टाकी असेल तर ती दुसरीकडे हलवाच.
- बंगल्यात विहीर किंवा बोअरवेल असेल तर त्याच्या आसपास औषध मुरवू नका.
- ग्लोव्हज, मास्क, चष्मा. कामगार नको म्हणाला तरी.
- औषध कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून नेऊ नका.
- गळती तशीच असेल तर आधी प्लंबर बोलवायला सांगा. ओल ठेवून औषध मारणं म्हणजे दार उघडं टाकून कुलूप विकत घेणं.

परवान्याशिवाय नको

इथे बरेच जण निराश होतील, पण सांगायलाच हवं. घरोघरी पैसे घेऊन कीटकनाशक वापरायचं तर कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. त्यासाठी कृषी विषयातला किंवा रसायनशास्त्र घेऊन केलेला विज्ञानाचा पदवीधर हवा, आणि सरकारमान्य संस्थेतलं प्रशिक्षणही. म्हैसूर, हापूर आणि हैदराबाद इथल्या संस्थांमध्ये असं प्रशिक्षण चालतं. सध्याची अट, फी आणि अर्ज यांची चौकशी जिल्ह्याच्या कृषी कार्यालयातच करा, एजंटाकडे नको.

माझी डिग्री बीबीए, म्हणजे मी एकटी हे काम करूच शकत नाही. तुमचं बी.कॉम. किंवा बी.ए. असेल तर तुम्हीही नाही. मग मार्ग? पात्र माणसाला भागीदार घ्या किंवा नोकरीवर ठेवा. नाहीतर एखाद्या परवानाधारकाकडे वर्षभर काम करून धंदा शिका. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून ठेवा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

तपासणीची फी घ्या

"मॅडम, सगळे फुकट इन्स्पेक्शन देतात, मी पैसे मागितले तर कोण बोलवेल?" हा प्रश्न येणारच. जरा उलटा विचार करा. जो फुकट येतो, त्याचं पोट कशावर भरतं? ट्रीटमेंट विकण्यावर. मग त्याला प्रत्येक घरात वाळवी "सापडते". गिऱ्हाइकालाही हे कळतं, म्हणून तो कुणावरच विश्वास ठेवत नाही.

तुम्ही ३००, ५०० जे तुमच्या भागात चालेल ते घ्या, पण त्या बदल्यात फोटोंसकट लेखी रिपोर्ट द्या. त्यात तीनपैकी एक निष्कर्ष स्पष्ट लिहा : वाळवी चालू आहे, जुन्या खुणा आहेत, अमुक दिवसांनी परत पाहू, किंवा वाळवी नाही. फी मिळाल्यामुळे "नाही" म्हणायची तुम्हाला मोकळीक राहते. "तुमच्याकडे वाळवी नाही, गळती काढा" असं सांगून तुम्ही निघालात, की ते घर तुमची जाहिरात करतं. आम्हाला बरीच कामं अशा "नाही" म्हटलेल्या घरांकडूनच आली आहेत.

क्वोटेशनमध्ये औषध, मजुरी, ड्रिल बिट, व्हाइट सिमेंट, प्रवास हे तर धराच. पण नवे लोक एक खर्च हमखास विसरतात, वॉरंटीतल्या फेऱ्या. समजा एका फेरीला माणूस आणि पेट्रोल मिळून ६०० रुपये लागतात आणि तुम्ही वर्षात दोन फेऱ्या कबूल केल्यात, तर ते १,२०० आजच्याच भावात हवेत. नाहीतर सहा महिन्यांनी फोन वाजला की उचलावासा वाटत नाही. फोन न उचलणारे लोक सगळेच सुरुवातीपासून लबाड नसतात. काहींनी भाव लावतानाच चूक केलेली असते.

वॉरंटी लेखी द्या आणि झेपेल तेवढीच द्या. कशाने ती संपते तेही लिहा. नवी लादी बसवली, बाथरूम फोडलं, बाहेरची माती खणली, तर औषधाचा पट्टा तुटतो. हे आधी सांगितलं तर अट वाटते, नंतर सांगितलं तर पळवाट.

पहिली कामं कुठून मिळतील?

सुतार, प्लंबर, रंगारी आणि हार्डवेअरची दुकानं. वाळवी सगळ्यात आधी यांनाच दिसते. त्यांना कमिशन देण्यापेक्षा त्यांनी सांगितलेल्या घरी नीट काम करा, कारण शब्द त्यांचा खर्ची पडतो. दुसरं म्हणजे हाउसिंग सोसायटी. तळमजल्याच्या एकाच फ्लॅटला औषध घातलं तर वाळवी शेजारच्या फ्लॅटमधून रस्ता काढू शकते. म्हणून सेक्रेटरींना भेटा, सभेत दहा मिनिटं मागा, इमारतीच्या जोत्याचे फोटो दाखवा. एका फ्लॅटच्या कामाचं अख्ख्या इमारतीचं काम होऊ शकतं, आणि ते शास्त्राला धरूनही आहे.

जाता जाता

या आठवड्यात पंप विकत घेऊ नका. आधी स्वतःचं घर, मग दोन नातेवाइकांची घरं वरच्या पाच पायऱ्यांनी तपासा आणि प्रत्येकाचा एक पानी रिपोर्ट लिहा. औषध लागत नाही, परवाना लागत नाही, भांडवल एका टॉर्चचं. ते करून कंटाळा आला तर हा धंदा तुमचा नाही, आणि हे फुकटात कळलं म्हणून आनंद माना.

काकूंच्या घरी आम्ही वर्षातून एकदा, पावसाळा संपला की जातो. पैसे घेत नाही. काकू चहा टाकतात, मी कपाट उघडून टॉर्च मारते. नव्या फळ्या ठीक आहेत. वरचा कप्पा त्यांनी अजून रिकामाच ठेवलाय.

भेटू पुढच्या व्हिडिओत. क्वोटेशन आणि वॉरंटी कार्ड कसं लिहायचं, ते त्यात कागदावर करून दाखवते.